टेबलाशिवाय जेवला : वजा तीन

'रिमवर्ल्ड' नावाच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात एखादा माणूस जमिनीवर बसून जेवला, तर त्याच्या मनाच्या खात्यातून तीन गुण वजा होतात. कारणही शेजारी लिहून येतं : टेबलाशिवाय जेवला. झोपेत कुणी खुडबुड केली, वजा एक. पावसात चिंब भिजला, वजा तीन. खोली अरुंद, खोली अंधारी, खोली ओंगळ, सगळ्याची स्वतंत्र वजाबाकी. असं घसरत घसरत मन शंभरातल्या पस्तिसाच्या खाली आलं, की माणूस बिघडायला लागतो. पस्तिसाखाली किरकोळ बिघडतो : दार लावून खोलीत बसतो, नाहीतर तोंड पाडून वस्तीभर फिरत राहतो. विसाखाली गेला की वस्तू फोडतो; एका प्रकारात तर पुरलेलं प्रेत उकरून आणून जेवणाच्या टेबलावर ठेवतो. (म्हणजे टेबल होतं! मग आधीच त्यावर जेवायला काय झालं होतं?) आणि पाचाच्याही खाली गेला, तर घरांना आगी लावत सुटतो, किंवा सगळ्यांना रामराम ठोकून वस्तीच सोडून जातो.

हे ज्ञान मला भाच्याकडून मिळालं. तो इंजिनीअरिंगसाठी आमच्याकडे विरारला राहतो आणि रात्री दार लोटून, आम्हाला अभ्यास वाटेल अशा बेताने, परग्रहावरची एक वस्ती चालवतो. यान कोसळून तीन माणसं कुठल्याशा ओसाड ग्रहावर येऊन पडतात. त्यांच्यासाठी शेत, स्वयंपाकघर, भिंती उभ्या करायच्या, दुखणीखुपणी काढायची, दरोडेखोर आले तर परतवायचे. टायनन सिल्वेस्टर नावाच्या गृहस्थांनी २०१३ साली हा खेळ लोकांपुढे आणला आणि २०१८ च्या ऑक्टोबरात तो पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. पाच वर्षं. आमच्याकडे बिल्डर याला वेळेवर ताबा म्हणतात.

एका रात्री त्याने हाक मारली, "मावशी, लवकर ये, हा माणूस फुटतोय बघ."

पडद्यावर एक इवलासा माणूस त्यानेच बांधलेली चूल फोडत होता.

"काय झालं रे त्याला?"

"टेबल नव्हतं, खोली लहान आहे, काल पाऊस लागला आणि रात्री शेजारच्याने झोपमोड केली."

"आणि?"

"आणि काय? एवढंच."

मी त्या इवल्या माणसाकडे पुन्हा नीट बघितलं. एवढ्या भांडवलावर आमच्या मजल्यावर कोणी भांडंसुद्धा आपटणार नाही.

नुसता हाच खेळ असा आहे असं नाही. तार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांचा 'ड्वार्फ फोर्ट्रेस' २००६ पासून चालू आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये तो आपल्या संग्रहात घेतला, इतका तो मानाचा. त्यात डोंगराच्या पोटात राहणारे बुटके आहेत. एक बुटका बिघडला की दुसऱ्याचं डोकं फोडतो, मग त्या दुसऱ्याचा मित्र बिघडतो, मित्राची बायको बिघडते, आणि बघता बघता किल्ला बसतो. 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड' या व्हँकुव्हरच्या खेळात ताण शंभर टक्क्यांवर गेला की कोणी ओकतो, कोणी भोकाड पसरतो, कोणी मोडतोड करतो आणि कोणी फडताळातलं सगळं खाऊन टाकतो. यातला चौथा प्रकार आमच्या घरी परीक्षेच्या दिवसांत पाहायला मिळतो.

या सगळ्यांचं अंकगणित साधारण एकच. चांगलं घडलं की अधिक, वाईट घडलं की वजा. बेरीज मांडा आणि माणूस सुखी की दुःखी ते सांगा. वसई-विरारमध्ये २०११ च्या जनगणनेलाच बारा लाख माणसं होती, आता कितीतरी जास्त असतील. त्यांतल्या कुणाही एकाला हा हिशेब दाखवा. तो आधी हसेल आणि मग विचारेल की यात बाकीचे रकाने कुठे आहेत. आम्हाला ताण येत नाही असं अजिबात नाही. येतो, चांगला सणसणीत येतो. पण तो वहीत वेगळ्या पानावर मांडावा लागतो. म्हणून या काही सूचना. खेळ करणाऱ्यांपर्यंत त्या पोचणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण सोसायटीच्या तक्रारपेटीत टाकलेल्या तरी कुठे पोचतात?

सुरुवात जागेपासून करू, कारण आमच्याकडे सगळ्याची सुरुवात जागेपासूनच होते. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. विरारहून बॅकबेला पहिली गाडी सुटली १२ एप्रिल १८६७ रोजी, तेव्हा दिवसाला एक गाडी पुरत होती. आता रेल्वेच्या परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा एक शब्दप्रयोग आहे : एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी. ज्याने कोणी ही परिभाषा केली त्याने सुपर, डेन्स आणि क्रश हे तिन्ही शब्द एकदमच खर्चून टाकले. पुढे गर्दी वाढली तर काय म्हणायचं, याचा विचार त्याने केलेला दिसत नाही. रिमवर्ल्डमधल्या माणसाला विरार फास्टमध्ये उभं केलं, तर नायगावच्या पुढे खाडीपुलावर येईतो तो पाच गुणांच्या खाली जाईल आणि सगळं सोडून निघून जातो म्हणेल. पण दारापर्यंत पोचणार कसा? भाईंदरवाल्या आत घुसताहेत.

विरार हे सुरुवातीचं स्टेशन, त्यामुळे इथे गाडी रिकामी लागत असेल, असं पाहुण्यांना वाटतं. गाडी लागते ती भरलेली. नालासोपारा-वसईच्या बायका आधीच उलट्या दिशेने विरारपर्यंत येऊन, खिडक्या धरून, डोळे मिटून बसलेल्या असतात. त्याला रिटर्न मारणं म्हणतात. आम्ही त्यांच्याकडे रागाने बघतो. त्यांचे डोळे मिटलेलेच असतात, म्हणजे रागाचा तोही उपयोग नाही.

मग चढलेली बाई पर्स पुढे घेते, ओढणी गुंडाळते आणि समोर बसलेलीला एकच शब्द विचारते : "कुठे?" ती मोबाइलवरून नजर न काढता म्हणते, "अंधेरी." झाला व्यवहार. मुद्रांक नाही, नोंदणी नाही, एजंटचे दोन टक्के नाहीत. ती अंधेरीला उठणार आणि जागा हिची होणार. मागाहून आणखी कुणी त्याच अंधेरीला विचारलं, तर अंधेरी स्वतः सांगते, "दिली मी." मग ती उशिरा आलेली बाई या नव्या मालकिणीला विचारते, "आणि तुम्ही?" "चर्चगेट." तिचं तोंड उतरतं. ही बाई मात्र अजून उभीच आहे, एक पाय कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीवर, कोपर कुणाच्या तरी बरगडीत. पण चेहऱ्यावर प्लॉटधारकाचं समाधान.

खेळ करणाऱ्यांनी हे समाधान कुठल्या रकान्यात टाकायचं ते सांगावं. त्यांच्याकडे माणूस खुर्चीवर बसल्यानंतर गुण मिळतात. आमच्याकडे खुर्ची ठरली की मिळतात. बसणं ही पुढची औपचारिकता. उलट बाजूही आहे. अंधेरीचा फोन वाजला आणि ती म्हणाली, "अगं बाई, आज मला दादरला जायचंय, विसरलेच," तर त्या क्षणी उभ्या बाईचं जे होतं ते, सुरुवातीपासून काहीच मिळणार नव्हतं त्या बाईचं होत नाही. न मिळालेल्या जागेला वजा दोन पुरेत. ठरलेली जागा फिरली तर वजा पंचवीस धरा, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याच्या खात्यातून आणखी दहा.

चौथ्या सीटचा प्रश्न तर फारच नाजूक आहे. तिघींच्या बाकावर चौथी बसते तेव्हा तिचं निम्मं अंग बाकावर आणि निम्मं हवेत असतं. "जरा सरका ना" म्हटल्यावर तिघी मिळून जेवढ्या सरकतात, त्याला सरकणं म्हणायचं ते सौजन्य म्हणून. वळणावर गाडी झुकली की ती पडते, पण पडायला जागा नसल्यामुळे तशीच राहते. उभं राहण्यापेक्षा हे जास्त दुखतं. तरीही ऑफिसात गेल्यावर ती सांगते, "आज बसायला मिळालं." भाच्याला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, शरीराला वजा आणि मनाला अधिक, असं एकाच वस्तूला दोन्ही कसं देणार?" म्हटलं, तू चार वर्षं इंजिनीअरिंग कशाला शिकतोयस मग?

दुसरा रकाना शेजाऱ्याचा. रिमवर्ल्डमध्ये अंधारात राहिलं की गुण जातात. कोणाचा अंधार, किती मोठा, शेजारी काय परिस्थिती, याची चौकशी नाही. आमच्याकडे लाइट गेली की पहिली धाव मेणबत्तीकडे नसते, गॅलरीकडे असते. समोरच्या बिल्डिंगमध्ये आहे का? तिच्या मागच्या? हायवेकडे बघ, हायवेकडे! सगळीकडे काळोख दिसला की माणूस आत येतो आणि डॉक्टरने रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणावं तशा आवाजात घरच्यांना सांगतो, "सगळ्यांचीच गेलीय." मग पंखा बंद असूनही घरात जरा वारं खेळायला लागतं. पण समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवे असले, तिथल्या तिसऱ्या मजल्यावर मालिका चालू दिसली, तर मात्र त्या पाच मिनिटांत इकडे जो ताण चढतो, तो मोजायला कुठल्याही खेळातला काटा अपुरा पडेल.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा हा एक संवाद, सकाळी सहाचा :

"पाणी आलं का?"

"नाही."

"ए विंगला?"

"ए विंगलाही नाही."

"मग ठीक आहे."

त्या 'मग ठीक आहे'वर एकाने नमस्काराचे दोन हात टाकले, दुसऱ्याने गुलाबाचं फूल टाकून सुप्रभात केली आणि सगळे कोरड्या नळांकडे शांत चित्ताने परत गेले. तेव्हा सूचना अशी की दुःखाचे गुण थेट कापू नयेत. आधी ए विंगला विचारावं.

भांडणाचाही हिशेब खेळवाल्यांनी चुकवलाय. तिथे मन बिघडलेला माणूस कधी कधी अपमानाची फेरी काढतो : दिसेल त्याला गाठून बोलतो. ज्याला बोलला त्याचे गुण कमी होतात, मामला संपला. बघणाऱ्यांचं काय? लेडीज डब्यात भांडण लागतं तेव्हा सुरुवात नेहमी सामानावरून होते.

"हात काढा."

"हात नाहीये, बॅग आहे."

"मग बॅग काढा."

"कुठे ठेवू, डोक्यावर?"

"एवढा त्रास होतोय तर टॅक्सीने जायचं!"

विरारहून चर्चगेटला टॅक्सीने. हे वाक्य आलं की पहिला अंक संपतो. तोवर आजूबाजूच्या चाळीस जणींनी कानातले हेडफोन काढलेले असतात, मटार सोलणारीचा हात थांबलेला असतो, क्लिपा-कानातले विकणारी बाईसुद्धा आपली जाळी दांडीला अडकवून उभी राहते. दुसऱ्या अंकात मीरा रोडची एक तिसरीच बाई न्यायाधीश म्हणून प्रवेश करते आणि दोन्ही बाजूंचं बोलणं खाते. दोघींचे गुण गेले असतील, कबूल. पण चाळीस जणींचे वाढले, त्याची नोंद कोण घेणार? आणि त्या दोघींचेही खरंच गेले का? बोरिवलीला त्यांतलीच एक दुसरीला सेफ्टी पिन काढून देते, कारण ढकलाढकलीत तिच्या ड्रेसची शिवण उसवलेली असते.

एक गोष्ट मात्र सिल्वेस्टरसाहेबांच्या लक्षात आली आहे. माणूस एकदा फुटून मोकळा झाला की खेळ त्याला चाळीस गुण बक्षीस देतो. मन हलकं झालं म्हणून. निदान बरोबर, औषधाचा डोस चुकीचा. चाळीस गुणांसाठी चूल फोडावी लागते. आमच्याकडे माणूस रोज थोडं थोडं करवादून तेवढीच कमाई करतो आणि चूल शाबूत राहते. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सुटली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. ती गाडी गर्दी कमी करायला काढली असं म्हणतात. मला तिचा खरा उपयोग दुसराच वाटतो. सासू, बॉस, मुलांची शाळा आणि गॅसचा भाव यांच्याबद्दल सव्वा-दीड तास अखंड बोलता येईल अशी दुसरी जागा सरकारने या शहराला अजून दिलेली नाही.

आता पाऊस. ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये एक काळ असा होता की बुटके पावसात भिजले की ते काही केल्या विसरत नसत. भिजल्याची आठवण मनात घर करून राही, पुन्हा पुन्हा वर येई, आणि राक्षसांशी लढलेले धट्टेकट्टे बुटके चार सरींच्या आठवणीने खचून जात. वसई-विरारमध्ये हे गणित लावलं तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शहर बंद करावं लागेल.

आमच्याकडे आठवणी उलट्या चालतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्या दिवशी बाहेर असलेल्या माणसाचं मन शून्याच्याही खाली गेलं असेल. पण आज कुठल्याही लग्नात, कुठल्याही तेराव्याला, विषय निघाला की बघा. "मी अंधेरीहून चालत निघालो." "अंधेरी काय, मी दादरहून." "तुम्हाला पाणी कुठवर होतं?" "गुडघ्याच्या वर." "आम्हाला कमरेवर." दर वर्षी हे पाणी थोडं चढतं, आमचे एक काका सध्या गळ्यापर्यंत आलेत आणि अजून त्यांना बरीच वर्षं जगायचं आहे. १० जुलै २०१८ चं तसंच. नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढलं आणि वसई-विरार दरम्यानच्या लोकल थांबल्या. तेव्हा ऑफिसला गेलेल्यांनी शिव्या दिल्या. आता तेच लोक, ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्याकडे दयेने बघतात. म्हणजे काही वर्षं उलटली की वजाचं चिन्ह मिटून तिथे अधिक येतं. हा नियम खेळात हवा.

पण नियमाला एक अट आहे, आणि ती घातल्याशिवाय सूचना अर्धवट राहील. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई नालासोपारा पूर्वेला चाळीत तळमजल्यावर राहतात. या गोष्टी रंगतात तेव्हा त्या मान खाली घालून कणीक मळत असतात. त्यांच्याकडे पाणी गुडघ्यापर्यंत होतं की कमरेपर्यंत, हे कधी वाढलं नाही. दरवेळी त्या एकच सांगतात : गादी टाकून द्यावी लागली आणि पोराची दहावीची मार्कशीट भिजली. तेव्हा चिन्ह बदलतं ते पहिल्या मजल्याच्या वर. खेळात मजल्याचा रकाना ठेवा.

आता उरली अपेक्षा. ही मात्र रिमवर्ल्डवाल्यांनी अशी पकडली आहे की ते कधी काळी आमच्या भागात भाड्याने राहून गेले असावेत असा संशय येतो. तिथे वस्ती जितकी गरीब, तितकी माणसांची अपेक्षा कमी, आणि अपेक्षा कमी म्हणून मनाला फुकटचे भरपूर गुण मिळतात. पत्र्याच्या शेडमध्ये, जमिनीवर झोपूनही माणसं टिकून राहतात ती या गुणांवर. वस्ती श्रीमंत झाली, घरात गालिचे आले, पुतळे आले, की हे गुण टप्प्याटप्प्याने काढून घेतले जातात आणि शेवटी शून्यावर येतात. मग तोच माणूस जेवण चविष्ट नाही म्हणून रुसतो.

लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून, नाहीतर गावच्या कौलारू घरातून, माणूस जेव्हा नालासोपाऱ्यात वन रूम किचन घेतो, तेव्हा त्याच्या खात्यात असेच घसघशीत गुण पडलेले असतात. स्वतःचा संडास! गॅलरी! दारावर स्वतःच्या नावाची पाटी! पाणी एक दिवसाआड येतं? येऊ दे, येतं ना. रस्ता? होईल हळूहळू. हे गुण दहा-पंधरा वर्षं पुरतात. शहर चालवणाऱ्यांच्या हे बरोबर लक्षात आलेलं असतं. माणसाला सुखी ठेवायचे दोन मार्ग आहेत : पाइप टाका, किंवा अपेक्षा वाढू देऊ नका. दुसऱ्याला टेंडर काढावं लागत नाही.

अपेक्षा वाढलेली माणसं कशी असतात ते बघायचं तर रेल्वेलाइन ओलांडून पश्चिमेला, वसईच्या वाड्यांकडे जावं. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून महापालिका झाली, तेव्हा इथल्या गावांनी आम्हाला नको तुमची महापालिका म्हणून आंदोलन केलं. २९ गावं वगळायची की नाही याचा घोळ पुढे वर्षानुवर्षं सरकार आणि कोर्टाच्या मध्ये लोंबकळत राहिला. त्याच्याही आधी, ऐंशी-नव्वदच्या दशकांत, विहिरींचं गोडं पाणी टँकर भरभरून चाललं तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची मंडळी रस्त्यावर आली होती. त्यांची मागणी काय, तर आपल्या विहिरीचं पाणी आपल्या विहिरीत राहावं. केळीची बाग, पानवेल, दारात विहीर असलेल्या माणसाला अशी चैनीची स्वप्नं पडतात. खेळाच्या भाषेत यांच्या अपेक्षा गगनाला भिडलेल्या, म्हणून फुकटचे गुण शून्य, म्हणून हे भांडतात. आणि ते भांडले म्हणून तिथे अजून थोडी सावली शिल्लक आहे. आम्ही पूर्वेचे लोक रविवारी तिथे जाऊन केळफुलाची भाजी आणि सुकेळी विकत घेतो आणि म्हणतो, काय शांत आहे नाही इथे!

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मावशी, याचं मॉड होईल." म्हणजे खेळातल्या फाइली उघडून आपले नियम घालायचे, रिमवर्ल्डमध्ये ते चालतं. सेमिस्टर परीक्षा तोंडावर असल्यामुळे त्याने ते फार मन लावून केलं. टेबलाशिवाय जेवला : शून्य. अरुंद खोली : शून्य. सगळ्यांचीच लाइट गेली : अधिक दोन. भांडण पाहिलं : अधिक पाच. जुना पूर सांगितला : अधिक आठ, दर वर्षी एकाने वाढ. नाव ठेवलं 'विरार'. मग नवी तीन माणसं ग्रहावर पाडली आणि आम्ही बघत बसलो. मी जेवणाचं विसरून बसले, इतकं ते रंगलं.

माणसं सुखात होती. रात्री उघड्यावर झोपली, पाऊस आला, भिजली. काटा ऐंशीच्या खाली येईना. जमिनीवर बसून कच्चे कंद खाल्ले, नव्वद. तिघे एकाच पत्र्याखाली, पंच्याण्णव. भाचा खुशीत. तो चहा प्यायला गेला, परत आला, मोबाइल बघत बसला. एरवी या खेळात कुणाचं मन घसरायला लागलं की पडद्याच्या कडेला इशारा येतो, की हा फुटण्याच्या बेतात आहे, बघा. मग खेळणारा धावतो, खोली बांधतो, चूल मांडतो, टेबल करतो. इथे इशारा येईचना. त्यामुळे टेबल झालं नाही. स्वयंपाकघर झालं नाही. दवाखान्यासाठी जागा आखून ठेवली होती, तिच्यावर गवत वाढलं. भिंत तर कुणाच्या डोक्यातही आली नाही.

मग दरोडेखोर आले. चौघे होते. आत यायला त्यांना कुंपणसुद्धा ओलांडावं लागलं नाही. त्यांनी पत्र्याला आग लावली, धान्य उचललं, एकाला खांद्यावर टाकून नेलं. उरलेल्या दोघांच्या डोक्यावर छोटी अक्षरं उमटली. मी चष्मा पुढे करून वाचलं : सगळ्यांचंच जळलं, अधिक दोन.

"चुकलं काहीतरी," भाचा म्हणाला.

"काही चुकलं नाही," मी म्हटलं, "फक्त तू इंजिनीअर न होता नगरसेवक हो."

दुसऱ्या रात्री त्याने आकडे परत मागे घ्यायला सुरुवात केली. टेबलाचे वजा तीन परत आणले. अरुंद खोलीचे आणले. ए विंगचा नियम ठेवला, पण अट घातली की आठवडाभर दोन्ही विंगांना पाणी नसेल तर दोघांचेही दुप्पट कापले जातील. हे त्याला सोसायटीच्या मीटिंगला नेल्याचा परिणाम असावा. त्या मीटिंगला पहिल्यांदाच ए आणि बी विंग एका बाजूने ओरडत होत्या आणि टँकरवाल्याचं बिल फडकवलं जात होतं. पुराच्या गोष्टीचे गुण त्याने तळमजल्याला लागू केले नाहीत. भांडणाचे ठेवले, कारण ते काढले तर खेळात राम राहणार नाही यावर आमचं दोघांचं एकमत झालं.

शेवटी एकच ओळ रिकामी राहिली. रात्री साडेबाराला त्याने माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारलं, "मावशी, चौथ्या सीटला किती देऊ?"

मी अर्धवट झोपेत म्हटलं, "बाकीच्या तिघी कोण आहेत, ते आधी सांग."